‘शीळ’ : एका तबकडीची हकीकत

पुण्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या कुशींत, आंबी नदीच्या खोऱ्यांत पानशेत हें ठिकाण आहे. या नांवाचा उच्चार होतांच पुणेकरांस १२ जुलै १९६१ या दिवसाची आठवण होते. त्या दिवशीं पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचा बांधही टिकला नाहीं, आणि मुठेच्या कांठचें अर्धें शहर पाण्याखालीं गेलें. परंतु धरणापूर्वींही त्या खोऱ्यास स्वतःचें असें जीवन होतें, आणि त्या जीवनास स्वतःचें गाणेंही होतें. पहांटेच्या अंधारांत वेल्हें, मुळशी, मावळ या डोंगराळ मुलुखांत घरोघर जातीं फिरत, आणि जात्याच्या घरघरीबरोबर ओव्या उमटत. त्या ओव्यांस कर्ता नव्हता, निदान त्याचें नांव कोणी सांगत नसे. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे त्या येत, आणि वाटेंत प्रत्येक कंठ त्यांत आपलें कांहीं मिसळीत असे.

आज मला जी हकीकत सांगावयाची आहे, ती एका ग्रामोफोनच्या तबकडीची आहे. ओवीपासून आरंभ केला, याचें कारण असें कीं, तबकडीनें मराठी गाण्यांत काय बदललें हें समजण्यासाठीं, ती येण्यापूर्वीं आपलें गाणें कोठें कोठें राहत होतें हें प्रथम पाहिलें पाहिजे.

एक गाणें जात्यावर राहत होतें. तें कामाशीं बांधलेलें होतें. दळण संपलें कीं तेंही संपे, आणि तें ऐकणारें माणूस फार तर शेजारच्या घरचें. दुसरें गाणें रंगभूमीवर राहत होतें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, आणि तेव्हांपासून पुढें अर्धशतक महाराष्ट्राचें कान नाट्यपदांवर पोसले गेले. परंतु तें गाणें नाटकाच्या प्रसंगाशीं बांधलेलें होतें, तिकिटाशीं बांधलेलें होतें, आणि नटाच्या वेषाशींही बांधलेलें होतें. तिसरें गाणें पुस्तकांत राहत होतें; त्याला आपण कविता म्हणतों. तिचा कवि ज्ञात असे, तिचे वृत्त व जाति ठरलेल्या असत, पण ती वाचणारे मूठभर. १९२३ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनीं आपल्या कविता सभांतून म्हणून दाखविण्याचा प्रघात पाडला, आणि पुस्तकांतली कविता लोकांच्या कानांवर पडूं लागली. तरीही सभा उठली कीं कविता पुनः पुस्तकांत परत जात असे.

हीं तिन्ही गाणीं एकमेकांच्या शेजारीं नांदत होतीं. मात्र त्यांची एकमेकांकडे ये-जा फार थोडी होती. तेवढ्यांत एक यंत्र आलें.

१९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला, आणि त्यानें हिंदुस्थानांतील पहिलें महत्त्वाचें ध्वनिमुद्रण केलें. त्यांत गौहरजान या विख्यात गायिकेचें गाणें होतें. गाणें संपतांच ती आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारी. मुद्रण परदेशीं जावयाचें. तेथल्या कारागिरांस तबकडी कोणाची हें कळावें, एवढाच त्यांतला हेतु. पण त्यामुळें गाण्याला गाणाऱ्याचें नांव कायमचें चिकटलें. आमच्या रंगभूमीचें दुर्दैव असें कीं, भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येंच वारले होते. ज्या आवाजासाठीं लोक गांवोगांवहून बैलगाड्या जुंपून येत, असें जुनीं माणसें सांगत, तो आवाज अवघ्या एका वर्षानें यंत्राच्या हातून निसटला. आज त्यांच्या गायनाचीं वर्णनें आहेत, गायन नाहीं.

तबकडीचें यंत्र साधें होतें. लाखेंत इतर द्रव्यें मिसळून केलेली दहा इंच व्यासाची काळी थाळी, मिनिटास सुमारें ७८ फेरे, पोलादी सुई, आणि हातानें किल्ली द्यावयाची कमान. एका बाजूस तीन, फार तर साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. विजेची जरुरी नसे. त्यामुळें जेथें दिव्याची तार पोंचली नव्हती, तेथेंही एखाद्या इनामदाराच्या वाड्यांत, एखाद्या चहाच्या दुकानांत कर्णा वाजूं शके. आरंभीं गायकास कर्ण्यांत तोंड घालूनच गावें लागे. १९२५ नंतर विजेच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें, आणि मग हळू, नाजूक, कुजबुजल्यासारखा आवाजही तबकडीवर उतरूं लागला. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे; कारण भावगीत हें ओरडून गावयाचें गाणें नव्हे. नाट्यपद शेवटच्या रांगेपर्यंत पोंचवावयाचें असतें. भावगीत शेजारीं बसलेल्या माणसास सांगावयाचें असतें. यंत्राचा कान तीक्ष्ण झाला नसता, तर तें गाणें तबकडीवर जन्मासच आलें नसतें.

पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी तबकड्यांवर प्रामुख्यानें नाट्यपदें होतीं. त्यांखेरीज लावण्या, भजनें, आणि उस्तादांचे ख्याल. विकत घेणारा बहुधा नाटकाची आठवण विकत घेत असे. ज्यानें ‘मानापमान’ पाहिलें, त्यानें बालगंधर्वांची तबकडी घ्यावी. ज्यानें पाहिलें नाहीं, त्यानेंही ती घ्यावी आणि मनांत रंगभूमी उभारावी. केवळ तबकडीसाठीं म्हणून जन्मलेलें, कोणत्याही नाटकाचा आधार नसलेलें, एका कवीची कविता जशीच्या तशी गळ्यांत घेणारें मराठी गाणें अद्याप यावयाचें होतें.

१९२९ सालीं वऱ्हाडांतील वीस वर्षांच्या एका तरुणानें एक कविता लिहिली. त्याचें नांव नागोराव घनश्याम देशपांडे. महाराष्ट्र त्यांना ना. घ. देशपांडे या नांवानें ओळखतो. त्यांचा जन्म १९०९ सालीं बुलढाणा जिल्ह्यांत झाला, आणि पुढें मेहकर येथें त्यांनीं वकिली केली. पुण्यामुंबईच्या वाङ्मयीन मंडळांपासून तें गांव फार दूर. कवितेचें नांव ‘शीळ’. तिचा विषय एका वाक्यांत सांगतां येतो : रानांत प्रियकराची शीळ घुमते, आणि ती ऐकून कासावीस झालेली खेड्यांतली तरुणी त्याला लटक्या रागानें बोल लावते. भाषा तिचीच आहे, ग्रंथांतली नव्हे, उच्चारही खेडवळ. आणि कवितेच्या तोंडींच ‘बाई’ हें संबोधन आहे. श्रोतेहो, हा लहानसा शब्द पानशेतच्या खोऱ्यांतल्या ओवींतही पदोपदीं येतो. एक बाई दुसऱ्या बाईस जात्यावर मनांतलें सांगते, तेव्हां ती याच शब्दानें सुरुवात करते. सुशिक्षित कवीनें ओवीच्या दारांतला हा शब्द उचलला, त्याबरोबर ओवीचा जिव्हाळाही त्याच्या कवितेंत आला. पुढें अशा रचनांस ‘जानपद गीत’ हें नांव मिळालें, आणि त्यांची एक लाटच मराठींत येऊन गेली.

या कवितेस चाल लाविली व ती गाइली जी. एन्. जोशी यांनीं. तेही कवीच्याच पिढीचे, आणि त्यांचेंही शिक्षण कायद्याचें. गाणें हा त्यांच्या घराण्याचा धंदा नव्हता, नाटकमंडळींत त्यांनीं वेष घेतला नव्हता. १९३२ च्या सुमारास हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीनें, म्हणजे कर्ण्यापुढें बसलेल्या कुत्र्याच्या चित्रानें आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या त्याच कंपनीनें, त्यांच्या आवाजांतील ‘शीळ’ बाजारांत आणली.

त्या तबकडीनें मिळविलेल्या यशाचें वर्णन करण्यास आंकड्यांची गरज नाहीं. मराठी भावगीताचा इतिहास जो जो सांगूं लागतो, तो तो बहुधा याच तबकडीपासून सांगूं लागतो, हीच तिच्या यशाची मोठी पावती होय. मेहकरचा अपरिचित कवि आणि एक हौशी गायक, या दोघांचीं नांवें तिनें महाराष्ट्रभर केलीं. परंतु असें कां व्हावें, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

माझ्या मतें त्याचीं कारणें तीन. पहिलें काळाचें. १९३१ च्या मार्चांत ‘आलमआरा’ हा बोलपट मुंबईस झळकला, १९३२ मध्यें प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि नाटकमंडळ्यांचें वैभव झपाट्यानें ओसरूं लागलें. जुन्या नाट्यपदाची गोडी तर लागलेली, पण तें जेथून येत होतें तो झरा आटूं लागलेला. अशा वेळीं लोकांचे कान नव्या गाण्याच्या शोधांत होते. दुसरें कारण घराचें. नाट्यपदाचा विस्तार, त्यांतल्या ताना, या सामान्य माणसाच्या गळ्यास पेलत नसत. तो ऐके आणि मान डोलावी. ‘शीळ’ मात्र ऐकणाऱ्यास म्हणतां येत होती. ती एकदां ऐकावी, दुसऱ्यांदा सुरांत सूर मिळवावा, आणि तिसऱ्यांदा यंत्रावांचूनच गुणगुणावी. ज्या मुलींस नाटकाचें गाणें म्हणण्याची घरांत मुभा नव्हती, त्यांनाही हें गाणें म्हणण्यास आडकाठी करणें कठीण होतें. कारण तें ‘कविता’ होतें, आणि कविता तर शाळेंतही शिकवीत.

तिसरें कारण सर्वांत सूक्ष्म आहे. कविता स्त्रीच्या तोंडची, आणि आवाज पुरुषाचा. बालगंधर्व शालू नेसून रंगभूमीवर येत, तेव्हां प्रेक्षक त्यांना स्त्री समजूनच ऐकत. वेषामुळें तो संकेत पुरा होई. तबकडीवर वेष नाहीं, पडदा नाहीं, अभिनय नाहीं. एक तरुण आपल्या साध्या आवाजांत एका गांवंढळ मुलीचें मनोगत सांगतो, आणि ऐकणारा क्षणभरही गोंधळत नाहीं. याचा अर्थ असा कीं, श्रोत्यानें गाण्यामागचें पात्र सोडून त्यांतला भाव धरला. भावगीत या नांवाचा खरा अर्थ येथें प्रथम प्रत्ययास आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मग मागोमाग माणसें आलीं. भा. रा. तांबे यांच्या कविता तबकड्यांवर उतरल्या. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांनीं आरंभीच्या काळांत गांधारी हनगल या नांवानें मराठी गीतें मुद्रित केलीं, त्यांत जोशींबरोबरचीं द्वंद्वगीतेंही होतीं. जे. एल्. रानडे यांचा मृदु आवाज घरोघर गेला. गजाननराव वाटवे यांनीं तर कविता चौकाचौकांत नेली, आणि गणेशोत्सवांत काव्यगायनासाठीं माणसांची दाटी होऊं लागली. पुणें आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. १ एप्रिल १९५५ पासून तेथून ‘गीतरामायण’ दर आठवड्यास प्रसृत होऊं लागलें, आणि कवि, संगीतकार व श्रोता यांचें जें नातें एका लहानशा तबकडीनें जोडलें होतें, त्याला ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांनीं वर्षभराच्या सोहळ्याचें रूप दिलें. जोशी स्वतः १९३८ मध्यें त्याच ग्रामोफोन कंपनीच्या सेवेंत शिरले, आणि पुढें अनेक वर्षें इतरांचे आवाज जपण्याचें काम करीत राहिले. १९६७ सालीं काश्मीरच्या खोऱ्यांतील मेंढपाळाचा एक दिवस संतूर, बांसरी व गिटार यांतून वर्णिणारी जी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही दीर्घ तबकडी जगभर गेली, तिचे निर्माते तेच होते. ज्यानें तरुणपणीं रानांतली शीळ गाइली, त्यानेंच प्रौढपणीं डोंगरांतली बांसरी जगास ऐकविली, हा योग मोठा मनोहर खरा.

येथपर्यंत सर्व यशाचीच कथा झाली. आतां तिची दुसरी बाजू.

तबकडीनें कवितेस पंख दिले, पण त्याबरोबर तिचें कांहीं हिरावूनही घेतलें. साडेतीन मिनिटांच्या आंत बसण्यासाठीं गायकास कवितेंतलीं कडवीं निवडावीं लागत; मग लोकांस जी कविता पाठ होई, ती गायकानें निवडलेली. तबकडीवरच्या कागदी चकतीवर गायकाचें नांव ठसठशीत; विकणारा तेंच सांगे आणि घेणारा तेंच विचारी. हळुहळू गाणें गायकाचें होऊन बसे. अमक्याचें गाणें, असें आपण आजही सहज म्हणतों. तें लिहिलें कोणी, हें शंभरांतले किती सांगूं शकतील? ना. घ. देशपांडे यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला तो १९५४ सालीं, आणि त्याचेंही नांव ‘शीळ’. म्हणजे कविता लोकांच्या कानांत पडून वीसएक वर्षें झाल्यावर ती पुस्तकांत आली. एवढ्या काळांत ज्यांनीं ती गुणगुणली, त्यांतल्या अनेकांस ती ‘लिहिलेली’ आहे याचाही विसर पडला असल्यास नवल नाहीं. ‘खूणगाठी’ या संग्रहासाठीं त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८६ मध्यें. आणि त्या वेळींही त्यांची ओळख बहुसंख्य रसिकांस ‘शीळ’चे कवि म्हणूनच करून द्यावी लागली असेल.

कोणी म्हणेल, यांत वाईट काय झालें? ओवीस तरी कर्ता कोठें होता? कविता लोकगीत झाली, यापरता कवीचा गौरव तो कोणता? हें म्हणणें ऐकावयास गोड आहे. परंतु मला तें पुरतें पटत नाहीं, आणि याचें उत्तर शोधण्यासाठींच मीं पानशेतपासून सुरुवात केली.

१९६१ च्या त्या जुलैंत मुठेचें पाणी पेठांतून शिरलें, तेव्हां काय काय गेलें याची यादी कोणालाही पुरी करतां आली नाहीं. माणसें गेलीं, घरें गेलीं. घरांत जें जें असतें, पेटींतले कागद, भिंतीवरच्या तसबिरी, कपाटांतलीं पुस्तकें, तें सर्व चिखलांत मिसळलें. तबकडी ही तशी नाजूक वस्तु. ती उन्हांत ठेवली तर वांकते, हातून पडली तर फुटते. पाण्यांत तिची लाख एक वेळ तग धरील, पण तिच्यावरची कागदी चकती सुटून जाईल. मग ती काळी थाळी कदाचित् वाजेल, पण ती कोणाची हें सांगणार नाहीं. मला या गोष्टींत साऱ्या हकीकतीचें सार दिसतें. सूर टिकतो आणि नांव वाहून जातें. सूर टिकण्यासाठीं कोणी कांहीं करावें लागत नाहीं, तो गळ्यांत राहतो. नांव मात्र कोणीतरी मुद्दाम जपावें लागतें.

आणि ओवीला कर्ता नव्हता, हेंही तितकेंसें खरें नाहीं. १९८० नंतरच्या काळांत हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनीं पुणें जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत गांवोगांव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढें इतर जिल्ह्यांतूनही भर पडत गेली, आणि ही संख्या एक लाखाच्या वर गेली. गिरण्या आल्या होत्या, जातीं कोपऱ्यांत सरकलीं होतीं. आणखी एक पिढी उलटती, तर तें गाणें भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजासारखें केवळ वर्णनापुरतें उरतें. परंतु या संग्राहकांनीं केवळ ओवी उतरून घेतली नाहीं. ती कोणत्या गांवच्या कोणत्या बाईनें गाइली, हेंही नोंदविलें. पिढ्यान् पिढ्या जिला ‘निनावी’ म्हणण्याची आपणांस संवय होती, त्या गाण्याच्या शेजारीं प्रथमच नांव उभें राहिलें. नांव लिहिल्यानें ओवीचें लोकगीतपण कमी झालें, असें कोणी म्हणूं शकेल काय? उलट ती ओवी कोणा हाडामांसाच्या बाईची आहे, तिला शेत होतें, सासर होतें, दुःख होतें, हें आतां कोठें आपल्या ध्यानांत येऊं लागलें.

तबकडीचा जमाना पुष्कळ टिकला. हिंदुस्थानांत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या इतर देशांपेक्षां अधिक काळ निघत राहिल्या. विलायतेंतल्या बीटल्स या तरुण गायकांचीं गाणींसुद्धां १९६० नंतर आपल्याकडे याच जुन्या घाटाच्या तबकड्यांवर छापलीं गेलीं. पुढें दीर्घ तबकडी आली, फीत आली, चकती आली. आतां गाणें वाऱ्यावरून थेट खिशांतल्या यंत्रांत उतरतें, आणि पानशेतच्या धरणाकांठीं फिरावयास गेलेला तरुणही तें तेथें उभ्या उभ्या ऐकूं शकतो. एकेक गाणें सुटें प्रसिद्ध करावें, तें एका आठवड्यांत सर्वतोमुखीं व्हावें, ही रीति आज नवी वाटते. पण तिचा मराठी पाया १९३२ च्या सुमारास एका वकील कवीच्या आणि एका हौशी गायकाच्या त्या तीन मिनिटांत घातला गेला आहे.

म्हणून श्रोत्यांस एवढीच विनंति आहे कीं, एखादें गाणें आवडलें, तर गायकाबरोबर तें लिहिणाऱ्याचें नांवही विचारून घ्यावें, आणि दुसऱ्यास ऐकवितांना तें सांगावें. घरांत जुनी तबकडी असेल, तर तिच्यावरची चकती वाचून एका वहींत उतरून ठेवावी. घरांत जुनी माणसें असतील, तर त्यांच्या तोंडचें गाणें कोणाकडून आलें हें त्यांना आजच विचारावें. गाणें आपल्या सांभाळण्यावांचूनही जगेल. नांव जगावयाचें असेल, तर तेवढें काम आपलें आहे.